संक्रांत ते महाशिवरात्र: खिशात मावणाऱ्या रंगपेटीचा अनुभव

पौष संपत आला की पुण्याच्या टेकड्यांवर दबलेल्या रंगांचे दिवस सुरू होतात. गवत वाळून फिकट सोनेरी होते, सालईची साल पापुद्र्यांनी सुटून खालचा राखी-हिरवा रंग उघडा पडतो, ग्लिरिसिडियाच्या निष्पर्ण फांद्यांवर जवळजवळ पांढरी वाटणारी गुलाबी फुले येतात आणि सकाळी नऊपर्यंत या सगळ्यावर निळसर धूसरपणा बसलेला असतो. हे दिवस जागच्या जागी बसून कागदावर उतरवावेत, अशी इच्छा मला अनेक वर्षे होती. अडचण सामानाची होती. मोठी पेटी, पाण्याचा डबा, फळी, फडकी एवढे सगळे घेऊन टेकडी चढायची म्हटले की त्याचा एक कार्यक्रम होतो, आणि कार्यक्रमाला रविवारच लागतो. म्हणून यंदा संक्रांतीच्या आठ दिवस आधी अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानातून मी प्रवासात वापरायचा स्केचिंगचा छोटा संच विकत घेतला आणि महाशिवरात्रीपर्यंत जवळजवळ रोज वापरला. अशा रचनेचे संच आता अनेक कंपन्या विकतात आणि बाहेरून ते बरेचसे सारखे दिसतात. त्यामुळे नावापेक्षा आत काय आहे आणि त्यातले काय खरोखर उपयोगी पडते, हे सांगणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

संचाची किंमत १,६५० रुपये पडली. त्यात जलरंगांच्या अर्ध्या आकाराच्या १२ वड्या असलेली पत्र्याची डबी, दांड्यात पाणी भरायचा एक ब्रश, ०.३ मिमी टोकाचे काळे पेन, तळहातापेक्षा थोडे मोठे २०० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाच्या) कागदाचे स्केचबुक आणि ब्रश पुसायला सुती कापडाचा तुकडा, एवढ्या वस्तू होत्या. आधीच सांगते, यातील डबी आणि पेन उत्तम, रंग बऱ्यापैकी चांगले, ब्रश कामचलाऊ आणि कागद निराशाजनक निघाला. कागदाबद्दल पुढे सविस्तर लिहिणार आहे, कारण या संपूर्ण अनुभवात मला सर्वांत मोठा धडा कागदानेच दिला.

डबी चष्म्याच्या घराएवढी आहे आणि स्वेटरच्या खिशात सहज बसते. झाकण उघडले की त्याच्या आतल्या बाजूला रंग मिसळण्यासाठी तीन खोलगट जागा आहेत आणि मधली पट्टी बाहेर वळवली की आणखी दोन मिळतात. तळाला अंगठा अडकवायची कडी आहे. दुकानात ती मला निव्वळ शोभेची वाटली होती, पण वेताळ टेकडीच्या चढावर एका दगडाला टेकून, डाव्या हातात वही आणि डबी दोन्ही धरून काम करायची वेळ आली तेव्हा तिच्यामुळेच उजवा हात मोकळा राहिला. आतला पांढरा मुलामा सात आठवड्यांनंतरही कुठे उडालेला नाही. नव्या मुलाम्यावर पहिले काही दिवस रंग पसरण्याऐवजी थेंबाथेंबांनी गोळा होतो. त्यावर चिमूटभर खाण्याचा सोडा ओल्या बोटाने हलक्या हाताने फिरवून धुतले की रंग नीट बसू लागतो. दुकानदारांनी ही युक्ती विकत घेतानाच सांगितली होती. त्याच दुकानात त्यांनी मला उघड्या नमुना-डबीतले रंग कागदाच्या तुकड्यावर लावून बघू दिले, घाई केली नाही, आणि माझे काम टेकडीवरचे आहे हे ऐकल्यावर २४ रंगांची महाग डबी स्वतःहून बाजूला ठेवून १२ रंगांची पुढे केली. त्यांचा तो सल्ला किती योग्य होता, हे मला पुढे रोज कळत गेले.

आमच्या पिढीतल्या बहुतेकांची पहिली रंगपेटी कॅमलची होती. दिगंबर दांडेकर यांनी भाऊ गोविंद यांच्या साथीने १९३१ मध्ये ‘हॉर्स ब्रँड’ शाईच्या पुडीपासून सुरू केलेल्या उद्योगाचा उंट महाराष्ट्रातल्या घराघरांतल्या दप्तरांत पोहोचला. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसलेल्या मुलांना त्या वड्यांचा वास अजून आठवत असेल. तेव्हा झाडाला हिरवा, आभाळाला निळा आणि खोडाला तपकिरी असा हिशेब होता. आता घेतलेल्या डबीतल्या प्रत्येक वडीच्या वेष्टनावर रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला आहे, आणि मोठेपणी रंग घेणाऱ्याने नावाआधी तो क्रमांक पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन निळा आणि पीबीआर ७ म्हणजे बर्न्ट सिएनासारख्या मातीच्या रंगांचे कूळ. पीव्ही १९ हा टिकाऊ गुलाबी, तर पीआर ८३ हा जुन्या पद्धतीचा अलिझरिन लाल, जो उजेडात ठेवल्यावर फिका पडत जातो. या डबीत गुलाबी रंग पीव्ही १९चा आहे, ही समाधानाची गोष्ट. वेष्टनावर क्रमांकच नसेल तर तो संच घेऊ नये.

बारांपैकी आठ रंग मी रोज वापरले. उरलेल्या चारांपैकी पांढऱ्या आणि काळ्याला मी एकदाही हात लावला नाही, झगझगीत नारिंगी एकदाच लागला, आणि तयार हिरव्याने मला संक्रांतीच्या दिवशी चांगलेच अडचणीत आणले. सुगडे भरून देवासमोर ठेवली होती. त्यात उसाचे करवे, बोरे, गाजराचे तुकडे, गव्हाच्या ओंब्या आणि हरभऱ्याचे घाटे होते. हिवाळ्याची सगळी शेते त्या मातीच्या एवढ्याशा भांड्यात एकत्र आलेली असतात, म्हणून मला दरवर्षी त्याचे चित्र काढावेसे वाटते आणि दरवर्षी राहून जाते. या वेळी डबी हाताशी होती. मी शेजारीच पाटावर बसले. सासूबाई हळदी-कुंकवाची तयारी करत होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘अगं, काढ खुशाल, पण लवकर आटप, बायका यायला लागतील.’’ घाईघाईत मी घाट्यांना डबीतला हिरवा जसाच्या तसा लावला आणि ते घाटे प्लॅस्टिकचे दिसू लागले. खरा घाटा जवळून पाहिला तर त्याच्या हिरव्यात पिवळसर राखाडी असते, टोकाकडे तो किंचित तांबूस होतो आणि सगळ्या अंगावर बारीक लव असते. ती लवच त्याची चकाकी खाऊन टाकते. दुसऱ्या पानावर मी पिवळ्या मातीच्या रंगात, म्हणजे यलो ऑकरमध्ये, अगदी थोडे अल्ट्रामरीन मिसळले आणि घाटे एकदम ओळखीचे झाले. चित्र पाहून सासूबाई म्हणाल्या, ‘‘लव राहिली की गं काढायची. आमच्याकडे पहाटे हरभऱ्यावर फडके फिरवून आंब गोळा करायचे, ती या लवेवरच धरते.’’ मग जवळजवळ कोरड्या ब्रशने, केस पसरवून, घाट्यांच्या कडेला चार-पाच पुसट फटकारे मारले. त्या पानावर अजून सुगडाला गुंडाळलेल्या दोऱ्यापाशी हळदीचे बोट उमटलेले आहे.

सरत्या हिवाळ्याच्या चित्रांसाठी सर्वांत मोलाची जोडी मात्र अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना हीच आहे. एक थंड निळा आणि एक भाजलेल्या मातीचा तांबूस. दोन्ही समसमान घेतले तर राखाडी होतो, निळा वाढवला तर सकाळच्या धूसर टेकडीचा रंग मिळतो, तांबूस वाढवला तर वाळल्या शेंगेचा. अल्ट्रामरीन पूर्वी अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून येणाऱ्या लाजवर्द या रत्नखड्यापासून करत आणि तो अत्यंत महाग असे. फ्रान्समध्ये १८२८च्या सुमारास तो कृत्रिम रीतीने तयार करता येऊ लागल्यापासून आपल्यासारख्यांच्या खिशात आला. पातळ वॉश, म्हणजे भरपूर पाणी घातलेल्या रंगाचा हात, सुकताना त्याचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि रंगाला रवाळ पोत येतो. पाषाणच्या तलावावर सकाळी पाण्यापासून आभाळापर्यंत जो एकच एक पडदा दिसतो, तो या रवाळपणामुळे फारसे काही न करता कागदावर येतो. काळ्या रंगाने केलेला राखाडी त्यापुढे मेल्यासारखा वाटतो, आणि म्हणूनच माझी काळी वडी अजून कोरी आहे.

आता कागद. संचासोबतच्या स्केचबुकाचा कागद लाकडाच्या लगद्याचा आहे आणि त्यावर रंगाचा पहिला हात बरा बसतो. पण तो ओला असतानाच दुसरा रंग सोडला किंवा चूक झाली म्हणून ओल्या ब्रशने थोडे उचलायला गेले की कागदाचे तंतू सुटून वर येतात, त्या जागी शेवाळासारखा खरबरीत डाग पडतो आणि पान पन्हाळीसारखे वाकते. त्याहून वाईट म्हणजे काही पानांवर मधेच गडद ठिपके उमटू लागले. तिथे रंग वर न राहता खोल शोषला जात होता. ग्लिरिसिडियाच्या फुलांची सलग तीन पाने अशी वाया गेली तेव्हा मला फार वाईट वाटले, कारण ती फुले फार दिवस राहत नाहीत आणि त्यांचा तो पुसट गुलाबी रंग दुसऱ्या कशातच सापडत नाही.

दोष होता खळीत, म्हणजे शोषण कमी व्हावे म्हणून कागदाला देतात त्या लेपात. कागदावर खळ नीट नसेल तर तो टीपकागदासारखा वागतो, आणि ती कुठे जास्त, कुठे कमी असेल तर एकाच पानाच्या दोन भागांवर एकच रंग दोन प्रकारे बसतो. ही गोष्ट आपल्याकडच्या कागद्यांना, म्हणजे कागद करणाऱ्या कारागिरांना, फार पूर्वीपासून ठाऊक होती. मराठ्यांच्या दफ्तरांत वापरला गेलेला जुन्नरी आणि दौलताबादी कागद खळ देऊन, मग गुळगुळीत दगडाने घोटून तयार करत, म्हणजे बोरूची शाई पसरत नसे. पुण्याच्या कसब्यातल्या कागदीपुऱ्याचे नावही त्याच व्यवसायाची खूण आहे. चिंध्यांच्या लगद्यापासून हाताने कागद करण्याची ती विद्या पुढे १९४० मध्ये स्थापन झालेल्या शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेने नव्या काळात आणली. मोडी लिहिणाऱ्याला शाई जागच्या जागी थांबायला हवी असे आणि जलरंग लावणाऱ्याला ती थोडा वेळ वर तरंगून मग सावकाश आत जायला हवी असते, एवढाच काय तो फरक. खळ दोघांनाही लागते.

म्हणून तिसऱ्या आठवड्यात मी पुन्हा त्याच दुकानात जाऊन ३०० जीएसएमचे, शंभर टक्के सुती कागदाचे एक वेगळे छोटे स्केचबुक ७५० रुपयांना घेतले. मूळ संचाच्या जवळजवळ निम्मी ही किंमत पाहून क्षणभर हात आखडला, पण सगळ्या खरेदीत हेच पैसे सर्वांत सार्थकी लागले असे मी आज ठामपणे म्हणेन. सुती कागदावर रंग अधिक वेळ ओला राहतो, दोन रंग एकमेकांत मिसळताना कडा मऊ होतात, आणि वाळलेला रंग ओल्या ब्रशने अलगद उचलला तरी तंतू जागचे हलत नाहीत. त्याच वड्या, तोच हात, तीच टेकडी. पण आधीच्या वहीतली चित्रे आणि ही चित्रे शेजारी ठेवली तर ती एकाच व्यक्तीने सात आठवड्यांत काढली आहेत यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. मुलांना शिकवताना आपण रंग चांगले घेतो आणि कागद चित्रकलेच्या साध्या वहीचा देतो, मग मुले म्हणतात की आम्हाला जलरंग जमत नाहीत. मला स्वतःला शाळेत असेच वाटत असे आणि त्याची हळहळ मला या वयात, चाळिशी उलटल्यावर, वाटली.

या कागदावरचे माझे सर्वांत आवडते पान काटेसावरीच्या फुलाचे आहे. टेकडीच्या पायथ्याशी एक जुनी काटेसावर आहे. पाने पूर्ण झडल्यावर तिला ही फुले लागतात आणि मग साळुंक्या, बुलबुल, शिंजीर, खारी असा सगळ्यांचा तिथे दिवसभर राबता असतो. भोरड्यांचा थवा उतरला की एवढा गलका होतो की शेजारच्याचे बोलणे ऐकू येऊ नये. फूल खाली पडते ते थेट दणक्याने, आवाज ऐकू येईल असे. मांसल पाकळ्या, आतला पुंकेसरांचा झुबका आणि खालचा कातडी पेला, सगळे एकसंध. मी नुकतेच पडलेले एक फूल समोर ठेवून बसले. पाकळीची बाहेरची बाजू मेणासारखी चकाकते आणि आतली किंचित मखमली असते, त्यामुळे एकाच लाल रंगाच्या दोन जाती दाखवाव्या लागतात. पीव्ही १९च्या गुलाबीत उबदार पिवळा मिसळून पहिला हात दिला आणि चकाकीच्या जागी कागद तसाच पांढरा सोडला. तो ओला असतानाच पाकळीच्या मुळाशी थोडा गडद गुलाबी सोडला आणि तो आपणहून वर चढत गेला. सुती कागदाने ती चढण अर्ध्या पाकळीवर थांबवली, जशी फुलातही थांबते. पुंकेसर रंगवले नाहीत. त्यांच्या मधल्या फटी गडद केल्या, म्हणजे तंतू आपोआप उजळ उठून दिसले, आणि टोकाचे काळसर परागकोश पेनाने टिपले. याला पंचवीस मिनिटे लागली. दुसऱ्या दिवशी तेच फूल चॉकलेटी-काळे पडून आक्रसले होते. त्याचेही चित्र काढले, आणि त्यासाठी बर्न्ट सिएनाशिवाय जवळपास काहीच लागले नाही.

ब्रशाबद्दल थोडक्यात. पाणी दांड्यातच भरलेले असल्याने वेगळे भांडे लागत नाही, ही सोय बसमध्ये, दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात किंवा खिडकीच्या कठड्यावर फार मोलाची आहे. पण दांडा जरा जोरात दाबला गेला की टोकाशी मोठा थेंब जमतो आणि तो नेमका सुकत आलेल्या जागेवर पडतो. शिवाय नायलॉनचे केस महिन्याभरात टोकाशी फाकले, त्यामुळे गवताची काडी काढायची तर दोन काड्या उमटू लागल्या. मी पुढे टोपणाचा, घडी होणारा ६ नंबरचा गोल ब्रश ३५० रुपयांना घेतला आणि औषधाच्या छोट्या बाटलीत पाणी ठेवू लागले. पाण्याचा ब्रश आता फक्त रंग उचलायला आणि कडा मऊ करायला वापरते. त्या कामासाठी तो चांगला आहे.

पेनाबद्दल मात्र एकही तक्रार नाही. त्याची शाई सुकल्यावर पाण्याने अजिबात विरघळत नाही, फक्त रेघ मारल्यावर लगेच रंग न लावता मिनिटभर थांबायला हवे. आमच्या गच्चीच्या भिंतीवर रोज साडेसातला थिरथिऱ्याची मादी येते. हिवाळ्यापुरता आलेला हा पक्षी एका जागी बसला तरी त्याची तांबूस शेपटी सतत थरथरत असते, आणि त्याचे मराठी नाव त्यावरूनच पडले आहे. असा पक्षी पेन्सिलीने काढायला बसले की मी खोडत बसते. पेनाने खोडता येत नाही, म्हणून आधी नीट पाहावे लागते. एका पानावर तिच्या अकरा आकृत्या आहेत, त्यातल्या सात अर्धवट, आणि मला त्या अर्धवट आकृत्या पूर्ण आकृत्यांइतक्याच प्रिय आहेत, कारण ती नेमकी कोणत्या क्षणी उडाली ते त्यांत दिसते. फेब्रुवारीच्या मध्यानंतर तिचे येणे तुरळक होत गेले आणि त्याच सुमारास समोरच्या पिंपळावर तांबटाची टुकटुक वाढली.

हवामानाचा परिणाम कोणत्याही परीक्षणात सहसा लिहिला जात नाही, पण बाहेर बसून रंगवणाऱ्याला तो रोज भोगावा लागतो. जानेवारीत सकाळी पारा दहा-बारा अंशांवर असताना गच्चीवर दव असते आणि एक वॉश सुकायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात चहा होतो, त्यामुळे मला ते आवडतेच. फेब्रुवारीच्या दुपारी ऊन चढले आणि हवा कोरडी झाली की तोच वॉश ब्रश पुन्हा डबीत बुडवेपर्यंत सुकतो आणि कडेला कडक रेघ उमटते. अशा वेळी कागद आधी स्वच्छ पाण्याने ओला करून घ्यावा आणि सावलीत बसावे. रसवंतीच्या छपराखाली मी अशीच बसले होते. थंडी ओसरताच कानिफनाथ किंवा नवनाथ नावाच्या पाट्या लावलेल्या रसवंत्या पुन्हा गजबजतात आणि चरकाच्या घुंगरांचा आवाज रस्त्याच्या पलीकडून ऐकू येतो. चरकाचे मोठे चाक, त्याखाली चोथ्याचा ढीग, ढिगावर घोंगावणाऱ्या गांधीलमाश्या आणि आल्या-लिंबाची परात, एवढे सगळे एका ग्लासाला लागणाऱ्या वेळात रेखाटले. रंग घरी येऊन भरले. चोथ्याचा तो ओलसर पिवळट पांढरा साधण्यासाठी कागदावर ऑकरचे केवळ गढूळ पाणी फिरवावे लागले. रसवाल्या मामांनी वही हातात घेऊन पाहिली आणि चाकाला आरे सहा आहेत, तुम्ही पाच काढलेत, हे दाखवून दिले. ते खरेच होते.

हा संच कोणी घ्यावा? ज्यांना रोज पंधरा-वीस मिनिटेच मिळतात आणि ज्यांचा विषय घराच्या, गच्चीच्या किंवा नेहमीच्या पायवाटेच्या आसपासचाच आहे, त्यांना तो निश्चित उपयोगी पडेल. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहमान यांनी कोटितीर्थ तलावाच्या काठचा तोच तो परिसर पुन्हा पुन्हा रंगवला. जवळच्या जागेत किती दडलेले असते हे त्यांच्या जलरंगांतून कळते, आणि अशा पाहण्याला मोठ्या सामानाची गरज नाही. मोठ्या आकाराची निसर्गचित्रे करणाऱ्यांना मात्र ही डबी अपुरी पडेल, कारण झाकणातल्या खोलगट जागांत तळहाताएवढ्या आभाळापुरताच रंग मावतो. शक्य असेल तर पूर्ण संच न घेता डबी, पेन, टोपणाचा ब्रश आणि सुती कागदाची वही अशा वस्तू सुट्या घ्याव्यात. माझ्या हिशेबाने खर्च २,३०० ते २,४०० रुपयांच्या आसपास जातो, पण टाकून द्यावे असे त्यात काही राहत नाही. बजेट कमी असेल तर रंग सहाच घ्यावेत: उबदार पिवळा, ऑकर, पीव्ही १९ गुलाबी, उबदार लाल, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना. या काळातली माझी नव्वद टक्के चित्रे एवढ्यातच झाली आहेत. कागदात मात्र काटकसर करू नये. वही लहान घ्यावी, पाने अर्धी करून वापरावीत, पण कागद सुतीच असावा.

सुट्या वड्या दुकानात मिळतात, तसेच नळीतला रंग रिकाम्या वडीत भरूनही चालतो. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी माझी बर्न्ट सिएनाची वडी तळाला लागली आणि पांढरे प्लॅस्टिक दिसू लागले. बारांत तीच पहिली संपली. ५ मिलीच्या नळीतला रंग दोन थरांत भरला, पहिला थर रात्रभर सुकू दिला आणि मग दुसरा दिला, म्हणजे मधे भेग पडत नाही. दोन दिवसांनी वडी घट्ट झाली, तेव्हा टेकडीवरचा पळस उमलू लागला होता आणि त्या झगझगीत नारिंगी वडीला अखेर काम मिळाले.